तलवारमाशातले कॅडमियम आणि सेशेल्सचा मानक ब्यूरो: एक प्रकरण अभ्यास

हिंदी महासागरातल्या सेशेल्स या छोट्या बेटराष्ट्रात २००३ ते २००५ या काळात घडलेले हे प्रकरण आहे. अन्नातल्या कॅडमियम या जड धातूची एक मर्यादा युरोपात ठरली आणि तिच्यामुळे तलवारमाशाची, म्हणजे स्वोर्डफिशची, युरोपातली निर्यात थांबली. त्याची झळ बोटींना बसली, तपासणी अधिकाऱ्यांना बसली, शेवटी शार्क माशांनाही बसली. बोटमालक, निर्यातदार आणि अधिकारी यांची नावे इथे घेतलेली नाहीत. त्यांच्या भूमिका पुरेशा आहेत, कारण त्या खुर्चीत दुसरे कोणी असते तरी पेच हाच राहिला असता.

छोट्या देशातल्या मानक संस्थेबद्दल लिहिताना किती मानके छापली, किती प्रशिक्षणे घेतली याचीच मोजदाद जास्त होते. माझ्या मते खरी कसोटी दोन ठिकाणी लागते. ज्या कागदावर संस्था सही करते त्यातला आकडा ती स्वतः मोजू शकते का? आणि तिने मोजलेला आकडा मर्यादा जिथे लिहिल्या जातात तिथवर पोहोचतो का? सेशेल्सच्या प्रकरणात हे दोन्ही प्रश्न एकाच माशाच्या निमित्ताने पुढे आले.

पार्श्वभूमी

सेशेल्स म्हणजे शंभरावर बेटांचा समूह. त्या वेळी लोकसंख्या ऐंशी हजारांच्या घरात होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. राजधानी व्हिक्टोरिया माहे बेटावर आहे. देशाचा संसार दोन गोष्टींवर चालतो: पर्यटन आणि मासे. पश्चिम हिंदी महासागरात ट्यूना पकडणारी मोठी फ्रेंच आणि स्पॅनिश जहाजे व्हिक्टोरिया बंदरात माल उतरवतात. ट्यूना डबाबंद करणारा कारखाना तिथे १९८७ मध्ये सुरू झाला. १९९५ मध्ये हाइन्झ कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला आणि हा कारखाना देशात सर्वांत जास्त रोजगार देणाऱ्यांपैकी एक ठरला. या कारखान्याचे मुख्य गिऱ्हाईक युरोप.

सेशेल्स ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सचा कायदाही १९८७ चाच. मानके तयार करणे, वजनमापे तपासणे, उपकरणांचे अंशांकन (ती बरोबर मोजतात का हे ताडून पाहणे), प्रयोगशाळेतली चाचणी, उत्पादनांचे प्रमाणन अशी सगळी कामे त्या एका संस्थेकडे आली. भारतात यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या घरची आहे. मानके भारतीय मानक ब्यूरोकडे, दुकानातला तराजू राज्याच्या वैधमापन खात्याकडे, किलोग्रॅम आणि मीटर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे, निर्यातीच्या मालाची तपासणी निर्यात तपासणी परिषदेकडे. छोट्या बेटावर एवढी खाती उभी करायला माणसेच नसतात. पेट्रोलपंपाचे माप तपासणारा, पिण्याच्या पाण्याचा नमुना घेणारा आणि मानकाच्या मसुद्यावर बैठक घेणारा हे सगळे एकाच छताखाली असतात. यात सोय आहे. पण एक माणूस नोकरी सोडून गेला की एखादी अख्खी सेवा बंद पडू शकते, हा धोकाही तितकाच खरा आहे.

युरोपीय संघाला मासे विकायचे तर त्यांचा एक पक्का नियम आहे. निर्यात करणाऱ्या देशात सरकारी पातळीवर एक ‘सक्षम प्राधिकरण’ असले पाहिजे. ते कारखाने आणि बोटी तपासते, नमुने घेते आणि प्रत्येक खेपेबरोबर जाणाऱ्या आरोग्य प्रमाणपत्रावर सही करते. युरोपचा विश्वास कारखान्यावर नसतो, या प्राधिकरणावर असतो. कोकणातल्या जुन्या मत्स्य निर्यातदारांना हे समजावून सांगावे लागणार नाही. १९९७ मध्ये स्वच्छतेच्या कारणावरून युरोपने भारतीय समुद्री मालाला दार बंद केले होते, तेव्हा चांगले कारखानेही वाईट कारखान्यांबरोबर अडकले होते. सेशेल्समध्ये हे काम करणारा मत्स्य तपासणी व गुणवत्ता नियंत्रण कक्ष त्या दशकात मानक ब्यूरोच्या छत्राखाली होता.

आता तलवारमाशाकडे येऊ. १९९५ च्या सुमाराला सेशेल्समध्ये मध्यम आकाराच्या बोटींनी लाँगलाइन मासेमारी सुरू केली. कित्येक किलोमीटर लांब दोरी, तिला ठरावीक अंतरावर गळ आणि आमिष म्हणून बहुधा म्हाकूल. गळाला तलवारमासा आणि मोठा ट्यूना लागे. मासा बर्फात थंड ठेवून बंदरात आणायचा आणि विमानाने ताजाच युरोपला पाठवायचा. देशाच्या एकूण मत्स्य निर्यातीत याचा वाटा डबाबंद ट्यूनाच्या मानाने लहान होता. पण खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांचा धंदा परक्यांच्या हाती असताना इथे बोट स्थानिक आणि भांडवलही स्थानिक होते. म्हणून देशाच्या दृष्टीने या छोट्या ताफ्याचे मोल त्याच्या उलाढालीपेक्षा जास्त होते.

अडचण

युरोपीय आयोगाचा नियम ४६६/२००१ एप्रिल २००२ पासून लागू झाला. अन्नातल्या शिसे, कॅडमियम, पारा वगैरेंच्या कमाल मर्यादा त्यात होत्या. माशांच्या मांसात कॅडमियमची सर्वसाधारण मर्यादा ठरली किलोला ०.०५ मिलिग्रॅम. ट्यूनासह काही जातींना सवलत देऊन ती ०.१ केली होती. तलवारमासा त्या सवलतीच्या यादीत नव्हता.

तलवारमासा हा शिकारी मासा आणि त्याच्या आहारात म्हाकुळाचा वाटा मोठा. म्हाकुळाच्या पचनग्रंथीत कॅडमियम साठते, तेही समुद्रात नैसर्गिकरीत्या असलेले. मासा म्हाकूल आख्खे गिळतो, तेव्हा ती ग्रंथीही पोटात जाते. जवळपास ना खाण, ना रासायनिक कारखाना, तरीही मांसात कॅडमियम. स्वच्छ बोट, स्वच्छ बर्फ, स्वच्छ गोदाम यांपैकी कशानेही ते कमी होत नाही. तपासणी अधिकाऱ्याची सगळी हत्यारे अस्वच्छतेविरुद्धची असतात आणि इथे अस्वच्छता नव्हतीच.

मर्यादेच्या वरचे नमुने आढळू लागले आणि २००३ मध्ये युरोपकडे जाणारी तलवारमाशाची निर्यात थांबली.

मोजमापाचा प्रश्न

या प्रकरणाचा गाभा प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

किलोला ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे किती? प्रयोगशाळेत एका वेळी साधारण एक ग्रॅम मांस घेतात. त्यात मर्यादेइतके कॅडमियम असेल तर ते ५० नॅनोग्रॅम भरते, म्हणजे एका ग्रॅमचा दोन कोटीवा भाग. मांस नायट्रिक आम्लात, बंद भांड्यात तापवून पूर्ण विरघळवतात. मग तो द्राव ग्राफाइट भट्टीच्या अणुशोषण यंत्रात, म्हणजे धातूचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रात, सोडतात. यंत्र महागडे असतेच, पण खरा त्रास नंतरचा. त्याला आर्गॉन वायू लागतो आणि बेटावर सिलिंडर जहाजानेच येणार. आम्ल अतिशुद्ध लागते. प्रत्येक बाटली आम्लात भिजवून धुवावी लागते. तंबाखूच्या धुरात कॅडमियम असते, तेव्हा नमुना कापणाऱ्याने शेजारी विडी-सिगारेट ओढली असेल तर तीसुद्धा आकड्यात डोकावू शकते.

शिवाय आलेला आकडा बरोबर आहे हे दाखवायचे कसे? त्यासाठी ज्याच्यातले कॅडमियम आधीच पक्के ठाऊक आहे असा प्रमाणित पदार्थ नमुन्यांबरोबर तपासतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने शार्कच्या मांसापासून केलेली, डॉर्म या नावाची भुकटी जगभरच्या प्रयोगशाळा यासाठी वापरत आल्या आहेत. त्या भुकटीचा आकडा चुकला तर त्या दिवसाचे सगळे काम बाद.

याआधी नमुना घेण्याचे नियम. युरोपच्या २००१/२२ या निर्देशानुसार ५० किलोपर्यंतच्या खेपेतून किमान ३ ठिकाणचे, ५० ते ५०० किलोंच्या खेपेतून ५ आणि त्यावर १० ठिकाणचे तुकडे घ्यायचे. प्रत्येक तुकडा साधारण १०० ग्रॅमचा आणि एकत्र नमुना किमान एक किलोचा. आख्खा ताजा तलवारमासा किलोवर महाग विकला जातो. त्याच्या पाठीत सुरी घालून मांस काढले की त्याचा भाव उतरतो. त्यामुळे नमुना किती घ्यायचा हा प्रश्न विज्ञानाचा असला तरी धक्क्यावर तो पैशाचा होतो. निरीक्षकाने किलोभर मांस मागितले की बोटमालकाच्या कपाळावर आठी पडणारच.

सर्वांत अडचणीचा भाग वेळेचा. ताजा मासा बर्फात फार तर दोन आठवडे विकण्याजोगा राहतो आणि त्यातले बरेच दिवस समुद्रातच गेलेले असतात. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवून अहवालाची वाट पाहायची म्हटले तर अहवाल येईपर्यंत मासा गेलेला असतो. गोठवून ठेवता येतो, पण गोठवलेल्या माशाला ताज्याचा भाव नाही.

कोणते मार्ग होते

अशा वेळी सक्षम प्राधिकरणापुढे पाच मार्ग असतात.

पहिला, प्रत्येक खेप तपासून मर्यादेखालचा मासा तेवढा पाठवायचा. ऐकायला हा सर्वांत न्याय्य वाटतो. पण वर सांगितलेल्या वेळेच्या हिशेबात ताज्या माशासाठी तो जवळजवळ अशक्य होता.

दुसरा, आकारावरून निवड करायची. पाऱ्याच्या बाबतीत याला अर्थ आहे: मासा जितका मोठा आणि वयस्क, तितका पारा जास्त. तलवारमाशासाठी पाऱ्याची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम होती आणि फार मोठे मासे बाजूला काढून ती सांभाळता येऊ शकते. कॅडमियमचा संबंध मात्र आहाराशी जास्त. लहान मासा घेतला म्हणजे सुटलो, असे म्हणता येत नाही.

तिसरा, युरोप सोडून दुसरीकडे विकायचे. पण विमानांच्या फेऱ्या, गिऱ्हाइकांच्या ओळखी आणि करसवलती सगळ्या युरोपशी जोडलेल्या होत्या. नवी बाजारपेठ एका हंगामात उभी राहत नाही.

चौथा, काही न करता पाठवत राहायचे आणि तिकडे अडवले तर पाहू म्हणायचे. काही देशांनी काही वेळा हे केलेलेही आहे. सेशेल्सला ते परवडणारे नव्हते. युरोपच्या सीमेवर खेप अडली की त्यांच्या जलद इशारा यंत्रणेतून सगळ्या सदस्य देशांना सूचना जाते. तीच सही, तोच शिक्का ट्यूनाच्या डब्यांबरोबर जात होता. तलवारमाशाच्या चार खेपांसाठी सहीची किंमत उतरली असती तर हजारो कामगारांचा कारखाना अडचणीत आला असता.

पाचवा, निर्यात थांबवायची आणि मर्यादाच या माशाला लागू पडत नाही हे आकड्यांनी दाखवायचे. हा सर्वांत लांबचा रस्ता. आकडे गोळा होईपर्यंत बोटींनी काय करायचे, याचे उत्तर त्यात नव्हते.

पाचव्या मार्गाच्या बाजूने आरोग्याचा एक हिशेब होता. अन्नातल्या दूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने त्या काळी कॅडमियमची सहन करण्याजोगी मात्रा आठवड्याला, शरीराच्या दर किलोमागे ७ मायक्रोग्रॅम धरली होती. साठ किलोच्या माणसाला आठवड्याला ४२० मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या चौपट, म्हणजे किलोला ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम असलेल्या तलवारमाशाचा दीडशे ग्रॅमचा तुकडा खाल्ला तर ३० मायक्रोग्रॅम पोटात जाते. म्हणजे आठवड्याच्या मात्रेच्या सात टक्क्यांच्या आसपास. बहुतेक लोकांच्या आहारात कॅडमियम मुख्यतः धान्ये आणि भाज्यांतून येते आणि तलवारमासा कोणी रोज खात नाही. यावरून मर्यादा निरर्थक होती असे मी म्हणणार नाही. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठते, म्हणून कडक धोरण समजण्यासारखे आहे. पण ०.०५ हा आकडा माशांच्या सर्वसाधारण जातींवर बेतलेला होता आणि म्हाकूल खाणाऱ्या या माशाला तो तसाच लावला गेला होता.

काय घडले

२००३ ते २००५ युरोपची वाट बंद राहिली. १९ जानेवारी २००५ रोजी आयोगाने नियम ७८/२००५ काढला आणि जड धातूंच्या मर्यादा सुधारल्या. तलवारमाशासाठी कॅडमियमची मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम झाली, म्हणजे आधीच्या सहापट. त्या वर्षी निर्यात पुन्हा खुली झाली.

मासा तोच होता, समुद्रही तोच. बदलला तो कागदावरचा आकडा. पण दोन वर्षे बोटी धक्क्याला बांधून ठेवता येत नाहीत. कर्जाचे हप्ते चालू असतात, खलाशांना काम हवे असते. ताफ्याचा काही भाग शार्ककडे वळला. शार्कच्या परांना पूर्व आशियात चांगला भाव होता आणि लाँगलाइनच्या बोटीवर त्यासाठी फारसे काही बदलावे लागत नाही. अन्नसुरक्षेसाठी घेतलेल्या निर्णयाचा भार अशा रीतीने सावकाश वाढणाऱ्या, कमी पिल्ले देणाऱ्या प्राण्यांवर पडला. पुढे २००७ मध्ये सेशेल्सने शार्कच्या संवर्धनाची आणि व्यवस्थापनाची राष्ट्रीय कृती योजना आणली.

ट्यूनाचे डबे या काळात युरोपला जात राहिले.

निर्णयाच्या जागा

निर्यात थांबवणे योग्य होते का? माझे उत्तर हो असे आहे. सहीचा विश्वास टिकवणे हेच अशा प्राधिकरणाचे काम आणि एका लहान ताफ्यासाठी ते पणाला लावणे चूक ठरले असते. मात्र या उत्तराची किंमत बोटमालकांनी आणि खलाशांनी मोजली. त्यांच्या बाजूने कोणी चुकलेले नव्हते. देशाच्या हितासाठी एका गटाचा धंदा थांबवायचा तर त्या गटाच्या दोन वर्षांची सोय हा त्याच निर्णयाचा भाग असला पाहिजे. ते काम तपासणी कक्षाच्या अखत्यारीत येत नाही, हे खरे. पण परिणाम काय होईल हे ज्याला सर्वांत आधी दिसते, त्यानेच मत्स्य खात्याला आणि अर्थ खात्याला लेखी कळवायला हवे.

यापेक्षा महत्त्वाची जागा २००१ आणि २००२ मधली आहे. नियम प्रसिद्ध झाला तेव्हापासून लागू होईपर्यंत वर्षभराचा अवधी होता. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार अशा अन्नसुरक्षेच्या तरतुदींवर सदस्य देश हरकत नोंदवू शकतात. सेशेल्स त्या संघटनेत आला तो २०१५ मध्ये. म्हणजे त्या वेळी ते दारही त्याला पूर्ण उघडे नव्हते. उरले असते ते थेट आयोगाशी बोलणे, शेजारच्या रेयूनियनसारख्या फ्रेंच बेटावरच्या मच्छीमारांच्या आणि संशोधकांच्या साथीने. रेयूनियनचे मच्छीमार त्याच समुद्रात तोच मासा पकडत होते आणि ते युरोपीय संघाचेच रहिवासी. हिंदी महासागरातल्या तलवारमाशाच्या कॅडमियमवर नंतरच्या वर्षांत जे शास्त्रीय काम झाले, ते नियम ठरण्याआधी हातात असते तर ही दोन वर्षे टळू शकली असती, असे मला ठामपणे वाटते.

वेगळे काय करता येईल

छोट्या देशाच्या मानक संस्थेने सगळ्या चाचण्या स्वतः करायचा हट्ट धरू नये. ग्राफाइट भट्टीचे यंत्र देणगीतून येते, तीन वर्षांत दुरुस्तीवाचून पडते आणि ते चालवणारा शिकलेला माणूस परदेशी जातो. अशी यंत्रे कित्येक देशांच्या प्रयोगशाळांत धूळ खात पडलेली आहेत. त्याऐवजी देशाच्या निर्यातीला जिथे खरोखर धोका आहे अशा दोन-तीन चाचण्या निवडाव्यात. माशांसाठी पारा, कॅडमियम आणि हिस्टामाइन (मासा नीट थंड ठेवला नाही तर त्यात तयार होणारे विषारी रसायन). त्या मात्र पूर्ण ताकदीने कराव्यात: मान्यताप्राप्त पद्धत, प्रमाणित संदर्भ पदार्थ, प्रयोगशाळांमधल्या तुलना-चाचण्यांत नियमित भाग आणि किमान दोन माणसे, म्हणजे एक गेला तरी काम अडणार नाही. बाकीचे शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावे. कॅरिबियन देशांनी प्रादेशिक मानक संघटना करून ही वाट धरली आहे. हिंदी महासागरातल्या बेटांमध्ये अंतरे मोठी असली तरी मासा सामाईक आहे.

दुसरी गोष्ट स्वस्त आहे. अडचण यायच्या आधीपासून, प्रत्येक हंगामात, निर्यातीच्या मुख्य जातींचे थोडे नमुने गोठवून साठवावेत. माशाची लांबी, वजन, पकडल्याची तारीख आणि जागा एवढे त्याबरोबर लिहून ठेवावे. तपासणी तेव्हाच झाली नाही तरी चालेल. पुढे मर्यादा बदलली की हाच साठा काही आठवड्यांत आकडे देऊ शकतो. मर्यादा बदलतच राहतात. तलवारमाशातल्या कॅडमियमची २००५ ची ०.३ ची मर्यादा २०१४ मध्ये युरोपने पुन्हा खाली आणली आणि ०.२५ केली. सेशेल्सनेही त्याच वर्षी मानक ब्यूरोचा जुना कायदा बदलून नवा आणला.

तिसरी गोष्ट निर्यातदारांशी बोलण्याची. नमुन्याच्या मांसाचे पैसे कोणी द्यायचे, निकाल येईपर्यंत मासा कोणाच्या शीतगृहात राहायचा, निकाल मर्यादेच्या अगदी काठावर आला, समजा ०.२६ आला, तर मोजमापातली अनिश्चितता कोणाच्या पारड्यात टाकायची? हे सगळे शांततेच्या काळात लिहून ठरवता येते. बोट धक्क्याला लागलेली आहे, विमान संध्याकाळी सुटणार आहे, अशा वेळी ठरवायला गेले की भांडण होते आणि भांडणात बहुतेकदा निरीक्षक एकटा पडतो.